‘टू’ कुठे आणि ‘दॅट’ कुठे? इंग्रजी क्रियापदांच्या जोडणीविषयी एक शंका

प्रश्न : लेखणी

नमस्कार. गेली काही वर्षे माझे बहुतेक कामकाज इंग्रजीतून चालते. शब्द आता फारसे अडत नाहीत, काळही बहुधा बरोबर येतो; पण एका क्रियापदाला दुसरे क्रियापद जोडायची वेळ आली की मी हटकून अडखळते. पहिल्या क्रियापदानंतर ‘टू’ घालून पुढचे क्रियापद मूळ रूपात ठेवायचे, की ‘दॅट’ घालून कर्ता आणि काळ यांसह अख्खे वाक्य लिहायचे, हे मला दर वेळी अंदाजानेच ठरवावे लागते.

गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याला मी लिहिले, ‘आय वॉन्ट दॅट यू चेक द फाइल.’ वरिष्ठांनी ते बदलून ‘आय वॉन्ट यू टू चेक द फाइल’ असे केले. धडा घेऊन दुसऱ्या दिवशी मी ‘आय सजेस्ट यू टू कॉल द क्लायंट’ असे लिहिले, तर तेही चूक निघाले. तिथे म्हणे ‘आय सजेस्ट दॅट यू कॉल द क्लायंट’ हवे. मग एका आजारी मैत्रिणीला ‘आय होप यू टू गेट वेल सून’ असे लिहून बसले आणि तिथेही फसले. कारण विचारले तर ‘ऐकायला बरोबर वाटत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. ज्यांचा कान लहानपणापासून इंग्रजीवर तयार झाला आहे त्यांना ते उत्तर पुरत असेल, मला पुरत नाही. मराठीत विचार करताना तिन्ही ठिकाणी माझ्या मनात ‘तुम्ही अमुक करावे’, ‘तू बरी व्हावीस’ अशीच रचना असते. मग इंग्रजीत एकीकडे ‘टू’ आणि दुसरीकडे ‘दॅट’ का? यामागे काही तत्त्व आहे, की प्रत्येक क्रियापद सुटे पाठ करण्याला पर्याय नाही?

प्रतिसाद : अनुवादक

तत्त्व आहे, आणि ते समजले की पाठांतराचे ओझे बरेच हलके होते, जरी पूर्ण उतरत नसले तरी.

‘दॅट’च्या पुढे येते ते विधान. त्याला स्वतःचा कर्ता असतो, स्वतःचा काळ असतो, ते उचलून बाजूला ठेवले तरी आपल्या पायांवर उभे राहते, आणि ते खरे की खोटे असे विचारता येते. ‘टू’च्या पुढे येते ती नुसती कृती. तिला स्वतःचा काळ नसतो, तिचा कर्ता आधीच्या शब्दांतून उसना घ्यावा लागतो, आणि ती खरी की खोटी हा प्रश्नच उद्भवत नाही. ती घडली की नाही, एवढेच विचारता येते. ज्या क्रियापदांच्या मागून ‘टू’ आणि ‘दॅट’ दोन्ही येऊ शकतात, त्यांच्याकडे पाहिले की हा भेद अगदी जवळून दिसतो.

घराबाहेर पडलेला एक माणूस जिन्यात मध्येच थांबतो, असे समजा. तो ‘आय फरगॉट टू लॉक द डोअर’ म्हणाला तर दार उघडेच आहे आणि त्याला परत वर जायला हवे. तो ‘आय फरगॉट दॅट आय हॅड लॉक्ड द डोअर’ म्हणाला तर दाराला कुलूप आहे. वर जाऊन तो खात्री करून आला आणि आता स्वतःवर वैतागला आहे. पहिल्या वाक्यात कृतीच राहून गेली, दुसऱ्यात कृती झाली होती पण तिचे स्मरण राहिले नाही. आपली मराठी हा भेद तितक्याच नेमकेपणाने करते : ‘कुलूप लावायला विसरलो’ आणि ‘कुलूप लावल्याचे विसरलो’. ‘लावायला’ म्हटले की इंग्रजीत ‘टू’, ‘लावल्याचे’ म्हटले की ‘दॅट’. म्हणजे जो भेद तुम्ही इंग्रजीत शोधत आहात तो तुमच्या जिभेवर आधीपासूनच आहे.

कधी कधी हा भेद मराठीत प्रत्ययाने न दाखवता आपण क्रियापदच बदलतो. ‘आय परस्वेडेड हिम टू स्टे’ याला आपण ‘त्याला राहायला राजी केले’ म्हणू, आणि ‘आय परस्वेडेड हिम दॅट द हाउस वॉज सेफ’ याला ‘घर सुरक्षित आहे हे त्याला पटवून दिले’ म्हणू. इंग्रजीत क्रियापद एकच, पण पहिल्या वाक्यातला माणूस काहीतरी करायला तयार झाला, दुसऱ्यातल्याने काहीतरी खरे मानले. ‘लर्न’चेही तसेच : ‘टू’ आले तर शिकणे, ‘दॅट’ आले तर कळणे.

‘अ‍ॅग्री’ या क्रियापदाने मला एकदा चांगलेच अडचणीत आणले होते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. एका बैठकीचे टिपण मला इंग्रजीत करून द्यायचे होते. समोरच्या पक्षाने पैसे देणे बाकी असल्याचे मान्य केले होते. ते कधी देणार, मुळात देणार की नाही, याविषयी तो पक्ष अवाक्षरही बोलला नव्हता. मी घाईत ‘दे अ‍ॅग्रीड टू पे’ असे लिहिले, म्हणजे ‘ते पैसे द्यायला तयार झाले’. लिहायला हवे होते ‘दे अ‍ॅग्रीड दॅट द मनी वॉज ड्यू’, म्हणजे ‘पैसे देणे लागतो हे त्यांनी मान्य केले’. टिपण परत आले आणि पुढचे दोन दिवस खुलासे लिहिण्यात गेले. मराठीतले ‘मान्य करणे’ दोन्हीकडे चालते, इंग्रजीतले ‘अ‍ॅग्री’ही दोन्हीकडे चालते, एक देणे कबूल करणे आणि एक देण्याचे वचन यांच्यातले सगळे अंतर त्या ‘टू’ आणि ‘दॅट’ने पेललेले असते.

आता तुमची वाक्ये. ‘वॉन्ट’ हे क्रियापद विधान घेतच नाही. त्याला हवी असते ती कृती किंवा वस्तू. कृती स्वतः करायची असेल तर ‘आय वॉन्ट टू गो’, दुसऱ्याने करायची असेल तर त्याला मध्ये बसवून ‘आय वॉन्ट यू टू गो’. ‘वुड लाइक’ याच जातीचे. ‘होप’चा स्वभाव निराळा आहे. आशा बाळगणारा आणि कृती करणारा एकच असेल तर ‘आय होप टू सी यू’ चालते. पण कर्ता बदलला की ‘होप’ त्याला ‘वॉन्ट’प्रमाणे मध्ये बसू देत नाही, तिथे अख्खे वाक्यच द्यावे लागते : ‘आय होप दॅट यू गेट वेल सून’. ‘डिसाइड’ आणि ‘प्रिटेन्ड’ ही ‘होप’च्या वळणाने जातात. ‘एक्स्पेक्ट’ मात्र उदार आहे. ‘आय एक्स्पेक्ट टू विन’, ‘आय एक्स्पेक्ट हिम टू विन’ आणि ‘आय एक्स्पेक्ट दॅट ही विल विन’ ही तिन्ही त्याला चालतात.

‘सजेस्ट’विषयी मी मुद्दाम काही लिहीत नाही, कारण माझ्या वरच्या तत्त्वाला ते सरळ सरळ अडचणीचे आहे आणि त्यावर माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे इथे कोणी असेल.

प्रतिसाद : फळा

मी इंग्रजी शिकवते, म्हणून ‘सजेस्ट’ची बाजू मी घेते.

वरच्या प्रतिसादातला विधान आणि कृती हा भेद मला मान्य आहे, पण ‘दॅट’च्या पुढे नेहमी खरे-खोटे ठरवता येणारे विधानच येते, हे मान्य नाही. ‘सजेस्ट’, ‘इन्सिस्ट’, ‘डिमांड’, ‘रेकमेंड’ या क्रियापदांच्या मागे ‘दॅट’ येते आणि तरीही पुढे असते ती कृतीच, तीही न घडलेली. इंग्रजी भाषा त्याची खूण ‘दॅट’नंतरच्या क्रियापदावर करते : तिथे क्रियापद मूळ रूपात राहते. ‘ही सजेस्टेड दॅट शी गो’ यात ‘गोज’ही नाही आणि ‘वेन्ट’ही नाही. ब्रिटिश लेखनात अनेकदा तिथे ‘शुड गो’ दिसते, अमेरिकन लेखनात नुसते ‘गो’ जास्त. दोन्ही शुद्ध आहेत.

ही खूण किती कामाची आहे ते ‘इन्सिस्ट’मध्ये पाहावे. ‘ही इन्सिस्टेड दॅट शी वॉज अ‍ॅट होम’ म्हणजे ‘ती घरीच होती, असे तो ठासून सांगत राहिला’. ‘ही इन्सिस्टेड दॅट शी बी अ‍ॅट होम’ म्हणजे ‘तिने घरी असावे, असा त्याने आग्रह धरला’. पहिल्या वाक्यात तो साक्ष देतो आहे, दुसऱ्यात हुकूम सोडतो आहे, आणि फरक केवळ ‘वॉज’ आणि ‘बी’ एवढाच. मराठीत हेच काम ‘होती’ आणि ‘असावे’ ही रूपे करतात. मराठी विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते, कारण ‘बी’ हे रूप ज्यांना विचित्र वाटते त्यांना ‘असावे’ मुळीच विचित्र वाटत नाही.

दुसरी गोष्ट उसन्या कर्त्याची. ‘टू’पुढच्या कृतीचा कर्ता सामान्यतः तिच्या जवळचे नाम असते. ‘ही टोल्ड मी टू कम’ : येणार मी. ‘ही फोर्स्ड मी टू कम’ : येणार मीच. पण ‘ही प्रॉमिस्ड मी टू कम’ म्हटले की येणार तो! ‘प्रॉमिस’ हे या बाबतीत उलट्या चालीचे क्रियापद आहे, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांनाही मध्ये ‘मी’ असलेले हे वाक्य कधी कधी खटकते. म्हणून मी विद्यार्थ्यांना तिथे ‘ही प्रॉमिस्ड मी दॅट ही वुड कम’ असे लिहायला सांगते. कर्ता उसना घ्यायचा नाही म्हटल्यावर गैरसमजाला जागाच उरत नाही.

तिसरी गोष्ट : ‘टू’च्या पुढेही कधी कधी चक्क विधान दडलेले असते. ‘शी क्लेम्स टू हॅव सीन द लेटर’ आणि ‘शी क्लेम्स दॅट शी सॉ द लेटर’ यांचा अर्थ एकच, आणि तिचा दावा खोटाही असू शकतो. इथे कृतीला काळ नसतो ही अडचण इंग्रजीने ‘हॅव’ घालून सोडवली आहे. ‘सीम’चेही असेच आहे : ‘इट सीम्स दॅट ही नोज’ म्हणा की ‘ही सीम्स टू नो’ म्हणा. ‘से’ तर आणखी मजेशीर वागते. ‘पीपल से हिम टू लिव्ह अब्रॉड’ हे साफ चूक आहे, पण तेच कर्मणी केले की ‘ही इज सेड टू लिव्ह अब्रॉड’ अगदी शिष्टसंमत होते. ‘इट इज सेड दॅट ही लिव्ह्ज अब्रॉड’ याच अर्थाने ते सर्रास वापरले जाते.

पाठांतराविषयीही विचारले आहे. प्रत्येक क्रियापदाची चाल वेगळी असते ही तक्रार तुमच्या एकट्याची नाही. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना दोन सहकाऱ्यांसह एक कोश तयार केला; तो १९४२ साली जपानमध्ये निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. त्यात क्रियापदांच्या २५ रचना ठरवून, कोणत्या क्रियापदाला कोणती रचना चालते ते क्रमांकाने दाखवले होते. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांच्यासाठी केलेल्या कोशांत ही माहिती सहसा नसे, कारण त्यांना तिची गरजच नव्हती. आजही शिकणाऱ्यांसाठी केलेल्या कोशात प्रत्येक क्रियापदाखाली ‘टू डू समथिंग’ किंवा नुसते ‘दॅट’ अशी नोंद असते. आपण कोश उघडून अर्थ पाहतो आणि लगेच मिटतो. त्या दोन शब्दांवरही नजर टाकायची सवय लागली तर निम्म्या चुका आपोआप कमी होतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर : लेखणी

दोघांचेही मनापासून आभार. ‘लावायला विसरलो’ आणि ‘लावल्याचे विसरलो’ ही जोडी मी आता कधीच विसरणार नाही.

पण त्यातूनच आणखी दोन शंका निघाल्या. पहिली ‘वाटणे’विषयी. ‘मला वाटते’ याचे भाषांतर मी डोळे मिटून ‘आय थिंक दॅट’ असे करते आणि ते काही ठिकाणी चुकते, असे आता जाणवू लागले आहे. दुसरी शंका ‘टू’ आणि ‘दॅट’ एकाच वाक्यात एकापुढे एक येतात तेव्हाची. काल मला लिहायचे होते : ‘तो येणार नाही असे तुम्हाला सांगायला त्याने मला सांगितले आहे.’ मी लिहिले, ‘ही हॅज टोल्ड मी दॅट टू टेल यू दॅट ही विल नॉट कम.’ पहिले ‘दॅट’ नको हे वाक्य पाठवल्यावर लक्षात आले, पण ते माझ्या हातून तिथे आलेच का, हे कळले नाही.

प्रतिसाद : अनुवादक

ते तिथे आले कारण तुम्ही मराठी वाक्य पुढून मागे वाचत होता. तुमच्या मराठी वाक्यात ‘असे’ हा शब्द ‘सांगायला’च्या आधी येतो, म्हणून इंग्रजी लिहितानाही ‘दॅट’ आधी उमटले.

मराठी वाक्यात मुख्य क्रियापद शेवटी बसते आणि गौण भाग त्याच्या आधी येत जातात. इंग्रजीत मुख्य क्रियापद आधी येते आणि बाकीचे त्याच्या पुढे लागत जातात. त्यामुळे असे वाक्य इंग्रजीत नेताना ते शेवटाकडून सोलत यावे लागते. शेवटी आहे ‘त्याने मला सांगितले आहे’ : ‘ही हॅज टोल्ड मी’. त्याच्या आधी ‘तुम्हाला सांगायला’. ‘-आयला’ दिसले, म्हणजे ‘टू’ : ‘टू टेल यू’. त्याच्या आधी ‘तो येणार नाही असे’; ‘असे’ दिसले, म्हणजे ‘दॅट’ : ‘दॅट ही विल नॉट कम’. सलग लिहिले की झाले : ‘ही हॅज टोल्ड मी टू टेल यू दॅट ही विल नॉट कम.’ ती विनंती असेल तर पहिल्या ठिकाणी ‘आस्क्ड’ अधिक सौम्य दिसेल. मराठीत हुकूम आणि विनंती दोन्हींना ‘सांगितले’ चालते, इंग्रजीत ते वेगळे काढले जातात.

नकारही याच रीतीने तपासावा, कारण तो ज्या पायरीवर असेल त्याच पायरीवर राहिला पाहिजे. ‘ही डिड नॉट टेल मी टू से दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड’ यात सांगणेच झालेले नाही. ‘ही टोल्ड मी नॉट टू से दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड’ यात सांगणे झाले आहे आणि मनाई आहे ती बोलायला. ‘ही टोल्ड मी टू से दॅट द ऑफिस वॉज नॉट क्लोज्ड’ यात बोलायचेच आहे, पण कार्यालय बंद नसल्याचे. ‘नॉट’ एक पायरी सरकले की तीन वेगवेगळ्या घटना होतात. याला एक अपवाद आपल्या दोन्ही भाषांत सारखाच आहे : ‘आय डोन्ट थिंक दॅट ही विल कम’ यात नकार ‘थिंक’वर दिसतो पण अर्थाने तो येण्याला लागतो, अगदी ‘तो येईल असे मला वाटत नाही’ याप्रमाणेच.

आता ‘वाटणे’. हे क्रियापद मराठीत इतके राबते की त्याच्या एकट्याच्या जागी इंग्रजीत तीन-चार क्रियापदे लागतात, आणि कोणते घ्यायचे ते त्याच्या आधीच्या रूपावरून ठरते. ‘तो जाईल असे मला वाटते’ हा अंदाज आहे, म्हणून ‘आय थिंक दॅट ही विल गो’. ‘त्याने जावे असे मला वाटते’ ही इच्छा आहे, म्हणून ‘आय वॉन्ट हिम टू गो’. ती इच्छा नसून तुमचे मत असेल, तर ‘आय थिंक दॅट ही शुड गो’. ‘मला जावेसे वाटते’ यात कृती स्वतःची आहे आणि मनाची ओढ आहे. तिथे ‘आय वॉन्ट टू गो’ चालते, पण सौम्य ओढ असेल तर ‘आय फील लाइक गोइंग’ जास्त जवळ जाते, आणि त्यात ‘टू’ही नाही आणि ‘दॅट’ही नाही. ‘मला वाटते’ दिसताच लेखणी उचलू नका, आधी ‘जाईल’ आहे की ‘जावे’ आहे ते पाहा.

एक गोष्ट मात्र मराठीच्या आधाराने सुटत नाही. ‘तो खोटे बोलला यावर विश्वास ठेवणे मला कठीण वाटते’ हे इंग्रजीत लिहिताना ‘आय फाइंड हार्ड टू बिलीव्ह दॅट ही लाइड’ असे लिहून चालत नाही. मध्ये ‘इट’ लागतेच : ‘आय फाइंड इट हार्ड टू बिलीव्ह दॅट ही लाइड’. खरे कर्म, म्हणजे ‘टू’पासूनचा सगळा लांबलचक भाग, शेवटी गेलेला असल्यामुळे ‘इट’ त्याची जागा धरून बसते. ‘हे उघड आहे की तो येणार नाही’ या वाक्यातले आपले ‘हे’ काहीसे तेच काम करते, पण आपण ते सहज गाळतो. इंग्रजीत ‘इट’ गाळता येत नाही.

प्रतिसाद : स्वल्पविराम

मोठे मुद्दे वर आलेच आहेत. मी संपादनाचे काम करतो, त्यामुळे मला जे रोज दुरुस्त करावे लागते तेवढेच लिहितो.

‘टेल’ला लगेच माणूस लागतो आणि मध्ये ‘टू’ चालत नाही : ‘टोल्ड मी दॅट’. ‘एक्स्प्लेन’ला उलट ‘टू’ लागतेच : ‘एक्स्प्लेन्ड टू मी दॅट’. ‘एक्स्प्लेन्ड मी दॅट’ ही चूक मला रोज भेटते, आणि ‘मला समजावून सांगितले’ या आपल्या रचनेतूनच ती येते हे उघड आहे. ‘दॅट’च्या आधी स्वल्पविराम देऊ नये. ‘ही सेड, दॅट’ असे लिहिलेले आढळते, कारण ‘तो म्हणाला, की’ असे लिहायची आपल्याला सवय आहे.

काळाविषयी कोणी लिहिले नाही. मराठीत ‘तो आजारी आहे असे ती म्हणाली’ असे आपण म्हणतो आणि ‘आहे’ला हात लावत नाही. इंग्रजीत आधीचे क्रियापद भूतकाळी असले की ‘दॅट’पुढचा काळही बहुधा मागे सरकतो : ‘शी सेड दॅट ही वॉज इल’. ‘टू’ला काळच नसल्यामुळे तिथे हा व्याप नाही : ‘ही सीम्ड टू बी इल’. त्यामुळे जिथे दोन्ही रचना शुद्ध आहेत तिथे काळाची धास्ती असलेल्यांनी ‘टू’ निवडायला हरकत नाही.

आणि ‘दॅट’ गाळण्याविषयी. बोलताना ‘थिंक’, ‘नो’, ‘होप’, ‘से’ यांच्यानंतर ‘दॅट’ सर्रास गळते आणि त्यात काही चूक नाही. पण लेखनात काही वेळा ते ठेवलेच पाहिजे. ‘ही सेड यस्टरडे ही हॅड पेड द बिल’ यात काल काय झाले? बोलणे काल झाले की पैसे भरणे काल झाले? ‘ही सेड यस्टरडे दॅट’ लिहिले तर बोलणे काल झाले. ‘ही सेड दॅट यस्टरडे’ लिहिले तर पैसे काल भरले. हिशेबाच्या पत्रात या एका शब्दाच्या जागेवरून वाद होऊ शकतो, आणि असा वाद मी स्वतः पाहिला आहे. म्हणून क्रियापद आणि त्याचे विधान यांच्यामध्ये वेळ, स्थळ किंवा दुसरे काहीही आले, की माझ्या हातून तरी ‘दॅट’ गाळले जात नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : लेखणी

हे सगळे वाचून आजचे एक पत्र मी शेवटाकडून सोलत लिहिले. मनातले मराठी असे होते : ‘करार पुढे चालू न ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे, हे आपल्याला कळवताना आम्हाला खेद होतो, आणि महिनाअखेरीपर्यंत यंत्र परत केले जावे, अशी आमची विनंती आहे.’ त्याचे इंग्रजी मी असे केले : ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म टू यू दॅट वुई हॅव डिसायडेड टू नॉट कंटिन्यू द अ‍ॅग्रीमेंट, अँड वुई रिक्वेस्ट दॅट द मशीन बी रिटर्न्ड बाय द एंड ऑफ द मंथ.’ ‘बी’ लिहिताना हात थरथरला, पण ‘केले जावे’ आठवून तसेच ठेवले. अजून पाठवलेले नाही.

प्रतिसाद : फळा

‘बी’ अचूक आहे, त्याला मुळीच हात लावू नका.

‘इन्फॉर्म’नंतरचे ‘टू’ काढा. ते ‘टेल’च्या जातीचे आहे, त्याला माणूस थेट लागतो. ‘डिसायडेड टू नॉट कंटिन्यू’ कोणाला कळणार नाही असे नाही, पण औपचारिक पत्रात ‘डिसायडेड नॉट टू कंटिन्यू’ हेच शोभते. ‘रिग्रेट टू’ तुम्ही योग्य घेतले आहे, कारण खेद आहे तो पुढे जे कळवायचे आहे ते कळवण्याचा. ‘वुई रिग्रेट दॅट वुई इन्फॉर्म्ड यू’ असे लिहिले असते तर आधीच कळवून टाकल्याचा पश्चात्ताप झाला असा अर्थ निघाला असता.

आता पाठवा.